मुनीमजींची जागा आणि आजचा आयटी प्रमुख

जुन्या पेढीवर शेठजींच्या गादीशेजारी मुनीमजींची बैठक असे. ते केवळ जमाखर्च लिहीत नसत. कोणत्या गावची उधारी लांबते आहे, कोणत्या मालाला पुढच्या हंगामात उठाव राहील, कोणाची हुंडी स्वीकारावी, याचा अंदाज त्यांच्या वहीतून निघत असे. म्हणूनच व्यापारातील नवा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होत नसे.

आज मोठ्या कंपनीत हा कारभार आयटी प्रमुखाकडे आला आहे. ऑर्डर, साठा, उत्पादन, बिले आणि येणी या सर्वांच्या नोंदी त्याच्या यंत्रणेतून जातात. तरीही अनेक ठिकाणी त्याची आठवण नेटवर्क बंद पडल्यावर किंवा संगणकखरेदीच्या वेळीच होते. मुनीमजींचे काम त्याच्याकडे आले, पण त्यांची जागा त्याला मिळाली नाही. उद्योगातील नवनिर्मिती अडते ती बहुधा येथेच.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स, आकुर्डीत बजाज ऑटो आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन असा उद्योगांचा विस्तार होत गेला. या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारी असंख्य लहान वर्कशॉप्स भोसरी, तळवडे, चाकण परिसरात उभी राहिली.

याच पट्ट्यातील एक उदाहरण आपल्या वाचकांपैकी अनेकांना शेअर बाजारामुळे ठाऊक असेल. टाटा टेक्नॉलॉजीजची सुरुवात १९८९ मध्ये टाटा मोटर्समधील वाहन-अभिकल्पाचे काम करणारा एक विभाग म्हणून झाली. १९९४ मध्ये तिची स्वतंत्र कंपनी झाली. २००५ मध्ये तिने इनकॅट ही परदेशी कंपनी विकत घेतली. हिंजवडीत मुख्यालय असलेल्या या कंपनीचा ₹५०० ने दिलेला समभाग ३० नोव्हेंबर २०२३ रोजी बाजारात ₹१,२०० ला उघडला. बाजारभावाचे चढउतार बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. घरच्या गरजेसाठी मिळविलेले कौशल्य बाहेरच्या ग्राहकालाही विकता येते, हे ओळखल्यामुळे खर्चाचा विभाग उत्पन्नाचा व्यवसाय बनला.

परंतु प्रत्येक कंपनीतून अशी दुसरी कंपनी निघणार नाही, आणि तशी अपेक्षाही नको. आयटी प्रमुखाला व्यवसायात बदल घडविता येईल अशी अधिक जवळची जागा आहे, ती म्हणजे पुरवठादाराचे बिल. माल गेटवर येतो, स्टोअर्समध्ये उतरतो, गुणवत्ता तपासणीत थांबतो, मग त्याची आवक नोंद होते आणि शेवटी बिल लेखा विभागात पोचते. प्रत्येक टेबलावर दोन-चार दिवस गेले की महिना सरतो.

त्याचा हिशेब साधा आहे. समजा, एखादे वर्कशॉप दरमहा ₹२० लाखांचा माल देते आणि ४५ दिवसांऐवजी ७५ दिवसांनी पैसे मिळतात. जादा ३० दिवसांमुळे ₹२० लाख अडकून राहतात. १२ टक्के दराने त्यांचे व्याज महिन्याला ₹२०,००० होते. नफा ५ टक्के म्हणजे ₹१ लाख धरला, तर त्याचा पाचवा हिस्सा केवळ विलंबात जातो. तेवढ्याच रकमेतून त्या वर्कशॉपला नवे मापनयंत्र घेता आले असते किंवा एक कुशल कामगार टिकविता आला असता. मालाचा दर्जा सुधारला असता तर त्याचा लाभ मोठ्या कंपनीलाही झालाच असता.

साधने आज उपलब्ध आहेत. ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ₹५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ₹५ कोटींवरील उलाढालीपर्यंत आली. ट्रेड्स या बिल वटविण्याच्या व्यवस्थेत ₹२५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी करावी, असा सरकारी आदेश निघाला. तेथे खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात, लहान पुरवठादाराला पैसे लगेच मिळतात आणि मुदतीला खरेदीदाराने रक्कम थकविली तरी बँक पुरवठादाराकडे मागे येत नाही. एका अर्थाने ही हुंडीचीच नवी आवृत्ती आहे. मात्र कंपनीत बिल मान्य होण्यासच महिना लागत असेल, तर केवळ नोंदणीचा उपयोग मर्यादित राहतो. गेट, स्टोअर्स, तपासणी आणि लेखा विभाग एका सूत्रात बांधणे हे आयटी प्रमुखाचे खरे काम आहे.

त्यासाठी त्याने आपली खोली सोडली पाहिजे. एक दिवस मालाच्या गेटवर उभे राहावे, एक दिवस भोसरीच्या वर्कशॉपमध्ये बसावे. संचालकांसमोर सॉफ्टवेअरची नावे सांगण्याऐवजी किती दिवस वाचतील आणि किती रुपये मोकळे होतील, हे मांडावे. आरंभ दहा पुरवठादारांपासून करावा. प्रयोग फसला तर तो वेळीच बंद करण्याची तयारी ठेवावी, साधला तर शंभरांपर्यंत न्यावा.

मालकांचीही जबाबदारी तेवढीच आहे. विलंबाचे कारण नेहमी यंत्रणेत नसते, पुष्कळदा ते नियतीत असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात देयकासाठी ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने तिला प्राप्तिकराचीही जोड दिली: सूक्ष्म व लघु उद्योगाची रक्कम मुदतीत दिली नाही, तर ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. पैसे अडकवून ठेवायचेच असतील तर संगणकही ‘तपासणी प्रलंबित’ असा शेरा महिनोन्महिने दाखवू शकतो. अशा वेळी ‘हे बिल का थांबले?’ असे आयटी प्रमुखाने बैठकीत विचारले, तर ते ऐकून घेण्याचे धैर्य मालकाकडे हवे.

आपल्या अनेक कुटुंबांत पुढची पिढी संगणकाचे शिक्षण घेऊन पेढीवर किंवा कारखान्यात परतत आहे. तिच्यावर केवळ संकेतस्थळ आणि प्रिंटरचे काम सोपविणे हा मोठा अपव्यय ठरेल. तिच्या हाती येण्यांची यादी द्यावी, तिला तिमाहीच्या हिशेबाला बसवावे आणि तिचे प्रश्न ऐकावेत. चांगला मुनीम शेठजींना न आवडणारी गोष्टही वहीत दाखवीत असे. पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यात या सवयीचा वाटा मोठा होता.