कशेळ्याच्या नाक्यावरील गिरिजन

हॉलंडच्या उत्तरेकडील फ्रिसलंड प्रांतात, कालवे पुरते गोठले म्हणजे, अकरा नगरांना स्पर्श करणारी सुमारे २०० किलोमीटरांची बर्फावरील दौड भरविण्याचा प्रघात आहे. पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून शेतकरी, दुकानदार, विद्यार्थी असे नाना तऱ्हेचे लोक तीत उतरतात. १९०९ साली ती रीतसर सुरू झाली. १९८६ साली खुद्द तेथील युवराज निराळे नाव घेऊन सामान्य जनांत मिसळले होते. बर्फ १५ सेंटिमीटर जाड झाल्यावाचून दौड होत नाही, आणि १९९७ नंतर तसा योग आलेला नाही.

आमच्या रायगड जिल्ह्यात बर्फ कोठला? परंतु पायांची परीक्षा घेणारा, ऋतूच्या लहरीवर चालणारा आणि सर्व थरांतील माणसांना ओढून नेणारा असाच एक छंद येथेही आहे. तो डोंगर चढण्याचा. तो पाहावयाचा असेल, तर वाचकांनी कर्जत तालुक्यातील कशेळ्यास यावे.

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागते. येथून एक वाट आंबिवलीमार्गे कोथळीगडाकडे जाते, तर दुसरी खांडसकडे. खांडसहून गणेश घाटाने अगर शिडीच्या वाटेने भीमाशंकर गाठता येते. पैकी पहिली वाट लांबची पण सुखाची, दुसरी जवळची पण खड्या कड्याची. तीत लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. यामुळे रविवारी सकाळी कशेळ्याच्या नाक्यावर चहाचा पेला हाती घेऊन बसावे, म्हणजे या छंदाचे सारे भक्त आपोआप दृष्टीस पडतात.

भक्त हा शब्द आम्ही मुद्दामच योजला. गीतेत भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आम्हांस तेच चौघे येथे भेटले.

आर्त म्हणजे प्रकृतीने गांजलेला. वैद्याने ‘चाला’ म्हणून बजावलेले मध्यमवयीन गृहस्थ आणि साठी उलटल्यावर पहिलाच गड चढू पाहणाऱ्या गृहिणी या वर्गात येतात. यांचा वेग मंद, पण निश्चय दांडगा. जिज्ञासूला कोथळीगड प्रिय. सुळक्याच्या पायथ्याची कोरीव खांबांची लेणी आणि कातळाच्या पोटातून खोदून वर नेलेला जिना पाहून तो थक्क होतो. १६८४ साली हा गड मोगलांनी घेतला आणि तो परत मिळवू पाहणारे नारोजी त्रिंबक धारातीर्थी पडले, हे आठवून तो पायऱ्या चढतो. अर्थार्थीला मात्र गडाशी कर्तव्य नाही. त्याला छायाचित्र हवे. मित्र गेले म्हणून हा जातो आणि पावसाळ्यात धबधब्याच्या काठावर, शेवाळलेल्या दगडावर उभा राहतो. कर्जत-खालापूरच्या पाण्यात अशा रीतीने कितीतरी कोवळे जीव गेले आणि सरकारास बंदीहुकूम काढावे लागले.

मग ज्ञानी कोण? नाक्यावर करवंदांची पाटी घेऊन बसलेली ठाकर बाई, पेठेच्या वाडीतून लाकडांची मोळी घेऊन उतरणारा म्हातारा, हे ते ज्ञानी. कोणता दगड ओला असता दगा देतो, ढग कोठे अडला म्हणजे ओढा फुगतो, हे त्यांस पाठ आहे. परंतु चढण्याची त्यांना हौस नाही. डोंगर हा त्यांचा रोजचा रस्ता आहे. आम्ही एकास विचारले, “बाबा, एवढे लोक वर कशाला जातात हो?” तो हसून म्हणाला, “तुम्हीच सांगा गुरुजी. आम्हाला खाली काम असतं, म्हणून आम्ही उतरतो.”

या उत्तरात आम्हांस मर्म दिसले. हौस ही ज्याच्या गरजा भागल्या त्याची मिरास आहे. ती वाईट नव्हे; पण जेथे आपण खेळावयास जातो तेथे दुसरा पोटासाठी चालतो, याची जाणीव हवी. अर्थार्थी संकटात सापडला, म्हणजे दोर घेऊन धावण्याची पाळी पुष्कळदा याच माणसांवर येते. वाटेवरचा कचरा मागे राहतो, तोही त्यांच्याच दारी.

म्हणून घरोघरीच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. मुलगा, मुलगी अगर सूनबाई डोंगरावर जाण्याची परवानगी मागेल, तेव्हा नकार देऊ नये. आर्ताला आरोग्य मिळते, जिज्ञासूला इतिहास. घरात कोंडलेले शरीर आणि मन दोन्ही तेथे मोकळी होतात. मात्र दोन गोष्टी बजावाव्यात. गावच्या वाटाड्यास बरोबर घ्यावे व त्याचे मोल चोख द्यावे. आणि तो ‘आज पुढे नको’ म्हणाला, तर मुकाट्याने मागे फिरावे. गड कोठे पळून जात नाही. अर्थार्थी म्हणून निघालेले आपले मूल एवढे शिकून परतले, तर ज्ञान्याच्या वाटेवर त्याचे पहिले पाऊल पडले असे समजावे.