काशीतला माझा समुद्रकिनारा

समुद्राकाठच्या एखाद्या छोट्या गावात राहायला मिळालं तर किती छान, असं तुम्हालाही कधी ना कधी वाटलं असेल ना? माझं तर लहानपणच गुहागरला गेलं. घरामागची वाडी संपली की पुळण सुरू! 'बीचवर जाणं' असा वेगळा कार्यक्रम कधी नसायचा. मागचं दार उघडलं की समुद्र.

म्हणून कामासाठी वाराणसीला यायचं ठरलं, तेव्हा मी जरा रडवेलीच झाले होते. समुद्र इतका लांब आणि शहर इतकं गर्दीचं. आता इथे वर्ष झालं. मी दुर्गाघाटाजवळ एका जुन्या मराठी घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते, आणि खरं सांगू? माझं मागचं दार मला परत मिळालं.

तुम्ही काशीला आला असाल तर बहुतेक दशाश्वमेध घाटाची आरती आणि विश्वनाथाचं दर्शन करून परतला असाल. पुढच्या वेळी घाटाघाटाने उत्तरेकडे चालत या. वाटेत नागपूरकर भोसल्यांचा घाट लागेल, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला शिंदे घाट लागेल. पुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. इथल्या गल्ल्यांत पेशवाईपासून मराठी घरं आहेत. त्याच्याही आधी, 1573 मध्ये, एकनाथांनी आपलं भागवत याच काशीत पूर्ण केलं होतं. आजही एखाद्या दारातून 'अगं, दूध उतू गेलं' असं ऐकू येतं आणि आपण दचकतो!

पण समुद्रासारखं काय आहे इथे? गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि सगळं जुनं शहर पश्चिम काठावर आहे. समोर नुसती वाळू. त्यामुळे पायरीवर बसलं की समोर मोकळं आकाश. कोकणात सूर्य पाण्यात बुडतो, इथे तो पाण्यापलीकडून वर येतो, एवढाच फरक. आणि थंडीत तर सीगल येतात बरं का! नावाडी शेव टाकतात आणि पांढऱ्या पक्ष्यांचा नुसता गलका. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी चहा तसाच टाकून खाली धावले होते.

दिवसही पाण्यावरच चालतो. पहाटे आंघोळीला निघालेली माणसं, मग कचोरी-जिलेबीची दुकानं, थंडी असेल तर केशरी फेसाचं मलइयो. कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना टोपल्या बांधून आकाशदिवे चढवतात. काम करून डोळे दुखले की मी दहा मिनिटं पायरीवर जाऊन बसते. त्यासाठी ना रिक्षा लागते, ना तिकीट.

आता दुसरी बाजू. गॅसचा सिलिंडर गल्लीतून खांद्यावर येतो. माकडांमुळे कपडे जाळीच्या आत वाळवावे लागतात. आणि श्रावण-भाद्रपदात नदी खरोखर समुद्र होते. धोक्याची पातळी 71.262 मीटर. 1978 मध्ये पाणी 73.901 पर्यंत चढलं होतं. पूर आला की घाटाघाटाने चालायची वाट बुडते, होड्या बंद होतात, आरती गच्चीवर करावी लागते, मणिकर्णिकेवर चिता वरच्या गच्चीत जळतात. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळाचे थर. पंप लावून तो धुण्यात कितीतरी दिवस जातात. 'रिव्हर व्ह्यू' म्हणून खोली घेणाऱ्यांनी एक पावसाळा आधी बघून जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या घरमालकीण काकू मात्र पेपरातल्या मीटरपेक्षा पायऱ्या मोजतात. त्या पंचाहत्तरीला आल्यात, गुडघे दुखतात. या कार्तिकात त्यांना पहिल्यांदाच खाली उतरून स्नान करता आलं नाही, वरच्या पायरीवर मी लोटाभर पाणी आणून दिलं. मुलगा पुण्यात असतो. घराला गेस्ट हाऊसवाल्यांची विचारणा येत असते. तो म्हणतो, "आई, देऊन टाकू, तू इकडे ये." त्याचंही चुकत नाही. पुरात एकट्या आईची काळजी कोणाला वाटणार नाही? पण काकू म्हणतात, "तिथे खिडकीतून मी काय बघू, पार्किंग?"

गल्लीतली दोन घरं अशीच लॉज झाली आहेत. काकूंनी अजून हो म्हटलेलं नाही आणि ठाम नाहीही म्हटलेलं नाही.

परवा मुलाचा व्हिडिओ कॉल आला. पुन्हा तोच विषय. काकूंनी उत्तर न देता फोन फिरवून नदीकडे धरला. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "पाणी कितव्या पायरीवर आहे गं?"