नाकारलेली किल्ली

घराचे कुलूप उघडेनासे झाले, म्हणून घरावरील आपला हक्क गेला असे कोणी समजत नाही. किल्ली दुसऱ्याच कुलपाची तर नव्हे ना, हे आपण प्रथम पाहतो. संगणकाच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही गांगरून जातात. विंडोज नव्याने बसविल्यावर ‘ही किल्ली चालणार नाही’ असे वाक्य पडद्यावर उमटले, की आपल्या हातून काही अपराध घडला आहे आणि आता पैसे मोजल्यावाचून सुटका नाही, असे त्यांना वाटू लागते. आज खेड्यापाड्यांतही अर्ज, दाखले आणि मुलांचा अभ्यास संगणकावर आला आहे. म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहावेत असे मनात आले.

खानापूर तालुक्यातील आमच्या भागात एक विधवा भगिनी घरीच टंकलेखन करते व लोकांचे अर्ज भरून देते. दोन लेकरांचे शिक्षण त्यावरच चालते. तिच्या भावाने २०१७ साली तिला नवा लॅपटॉप घेऊन दिला होता. गेल्या वर्षी, ऐन शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत, त्याची हार्ड डिस्क बिघडली. शहरातील एका दुकानात नवी डिस्क घालून विंडोज पुन्हा बसविण्यात आले; परंतु घरी येताच ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ अशी सूचना दिसू लागली. नवऱ्याच्या जुन्या संगणकाचा एक कागद तिने जपून ठेवला होता. त्यावरील पंचवीस अक्षरे तिने तीनदा घातली व तीनदा ती नाकारली गेली. दुकानदार म्हणाला, “नवा परवाना घ्या, नाही तर तीनशे रुपयांत काही तरी जमवून देतो.” ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. “फादर, भावाने पावती घेऊन हा लॅपटॉप आणला. मग मी पुन्हा पैसे का भरायचे? आणि तीनशे रुपयांत मिळते ते खरे असते का?”

दोन्ही प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरे मिळण्यासाठी ही किल्ली म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावयास हवे.

विंडोजची किल्ली पंचवीस अक्षरांची असून ती पाच पाचांच्या पाच गटांत लिहिलेली असते. तिच्यात शून्य, एक व पाच हे अंक नसतात. ए, ई, आय, ओ, यू हे इंग्रजी स्वरही नसतात. म्हणून ‘हे शून्य की ओ?’ असा संशय आला, तर ते दोन्ही नव्हे, बहुधा ‘डी’ किंवा ‘क्यू’ असते. ‘बी’ व आठ, तसेच ‘जी’ व सहा ह्यांची गल्लत मात्र सहज होते. परंतु अक्षरे बरोबर असूनही नकार येतो, आणि त्याची कारणे निराळी असतात.

पहिले कारण असे, की संगणकाबरोबर विकत मिळालेला परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो. जुन्या संगणकाचा कागद नव्या लॅपटॉपला उपयोगी पडत नाही. दुसरे कारण आवृत्तीचे. विंडोजची ‘होम’ व ‘प्रो’ अशी रूपे आहेत. ‘होम’ची किल्ली ‘प्रो’ला लागत नाही. आमच्या भगिनीचे दुखणे हेच होते. दुकानदाराने आपल्याजवळची ‘प्रो’ची तयार प्रत बसविली होती, आणि लॅपटॉप ‘होम’चा होता.

मग तिची खरी किल्ली कोठे होती? २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून बहुतेक कंपन्या ती किल्ली कागदावर न छापता मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवितात. डिस्क बदलली तरी ती तेथेच राहते. माझ्या एका पुतण्याने, कामाच्या फायली अगोदर दुसरीकडे उतरवून घेऊन, ‘होम’ आवृत्ती बसविली. किल्ली कोणी विचारलीही नाही. इंटरनेट जोडताच परवाना मान्य झाला. एक पैसाही लागला नाही.

तीनशे रुपयांच्या किल्लीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अशा किल्ल्या पुष्कळदा एखाद्या मोठ्या संस्थेसाठी दिलेल्या असतात व चोरून अनेकांना विकल्या जातात. आज त्या चालतात, उद्या बंद पडतात. कुलूप मोडून देणारे फुकटचे प्रोग्राम तर त्याहून वाईट. त्यांच्याबरोबर घरात कोण शिरेल ह्याचा नेम नाही. जी बाई दुसऱ्यांचे आधार क्रमांक व बँकेचे तपशील हाताळते, तिने असा धोका पत्करणे म्हणजे शेजाऱ्यांचा विश्वास पणाला लावणे होय.

तेव्हा वाचकहो, असा प्रसंग आला तर घाबरू नका. विंडोज १० व ११ परवाना मान्य होईपर्यंतही चालतात; कोपऱ्यात सूचना दिसते व काही सोयी बंद राहतात, पण फायली जात नाहीत. ‘सेटिंग्ज’मध्ये आवृत्ती कोणती ते पाहा. मदरबोर्डच बदलला असेल, तर मात्र यंत्र नवे समजले जाते. त्या वेळी पावती हाताशी ठेवून कंपनीच्या मदतकेंद्राला विचारा. परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडून ठेवला असेल, तर हे काम सोपे जाते. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांचे यंत्र विंडोज ११ ला योग्य आहे, त्यांना जुन्या परवान्यावरच ते विनामूल्य घेता येते.

आणि लॅपटॉप दुरुस्तीला देताना एका कागदावर एवढे लिहून द्या: ‘मूळ आवृत्ती होम. तीच बसवावी.’ ज्या वस्तूची किंमत आपण प्रामाणिकपणे एकदा मोजली आहे, तिच्यासाठी दुसऱ्यांदा मोजावयास नको, आणि चोरीच्या मालाकडे वळावयासही नको. त्या भगिनीने ह्या वर्षीही गावातील मुलांचे अर्ज वेळेवर भरले.