बाकी काही नाही

डॉक्टर दर महिन्याला विचारायचे, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" आणि मी बिनदिक्कत सांगायचो, "बाकी काही नाही." खोटं बोलतोय असं एकदाही वाटलं नाही. औषध म्हणजे बीपीचं. गुडघ्याची गोळी आपली चहाबरोबरची, तिला कोण औषध म्हणतो?

निवृत्तीनंतर दर रविवारी जोतिबाचा डोंगर पायी चढायचा असा मी पण केला होता. तिसऱ्या महिन्यात उजवा गुडघा बोलायला लागला. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न मागता डायक्लोफिनॅकची स्ट्रिप हातावर ठेवली. "सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या. लई भारी गोळी हाय, काका." भारी होतीच. तासाभरात गुडघा गप्प. चार दिवसांसाठी आणलेली गोळी आठ महिने चालली, तीही बहुतेक वेळा उपाशीपोटी.

त्याच सुमारास बीपी १६० च्या खाली यायचं नाव घेईना. डॉक्टरांनी आधी मीठ कमी करायला सांगितलं, मग गोळीचा डोस वाढवला, मग लघवी वाढवणारी गोळी जोडली. आमच्या घरचा रविवारचा तांबडा रस्सा माझ्यापायी अळणी झाला. कोल्हापुरात, तांबडा रस्सा, अळणी! मुलगा एकदा ताट सरकवून उठला. "मीठ चोरून खाता का?" असं म्हणून बायकोनं लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली. बीपी वाढवणारा ऐवज माझ्या शर्टाच्या खिशात होता आणि मी बरणीकडे बघून हळहळत होतो.

मग एका सोमवारी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं. आदल्या रात्री मित्राकडे रक्ती-मुंडी हाणली होती, तिच्यावर ढकलून मोकळा झालो. चार दिवस तसंच. पोटात कळ नव्हती, म्हणून भीतीही नव्हती. कळ दाबायचीच गोळी मी घेत होतो, हे डोक्यात आलं नाही. पाचव्या दिवशी घराच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिथंच बसलो.

हिमोग्लोबिन ७.८, क्रिएटिनिन २.३. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला. घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर बायकोनं माझा खणच पिशवीत उपडा करून आणला. पलंगावर एकवीस रिकाम्या स्ट्रिपा पडल्या. प्रत्येकीवर चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून छापलेली उभी लाल रेघ. एवढ्या महिन्यांत ती मला दिसली नव्हती.

डॉक्टर रागावले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सूज आणि वेदना वाढवतात, पण तीच जठराचं अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. ही गोळी ती तयारच होऊ देत नाही. जॉन व्हेन यांनी १९७१ साली हे उलगडलं आणि १९८२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. माझ्या बाबतीत तर बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि ही, तिघींनी मिळून मूत्रपिंडाला कोंडीत धरलं होतं. "पित्ताची गोळी घेत होतो की अधूनमधून," मी म्हणालो. "ती पोटाला थोडी सांभाळते. किडनीला नाही."

रात्री झोप येईना तेव्हा गिधाडं आठवली. लहानपणी आमच्या गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की घिरट्या घालायची. पुढं दिसेनाशी झाली. जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरायची. म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं, ही बातमी मी मोठ्यानं घरात वाचून दाखवली होती. औषधाचं नावसुद्धा.

क्रिएटिनिन हळूहळू १.३ वर आलं. डोंगर आता एसटीनं.

एक काम मात्र राहिलं होतं. चैत्र यात्रेत आक्काचे पाय दुखत होते म्हणून मी तिला अर्धी स्ट्रिप मोठ्या मनानं देऊन टाकली होती. आक्काला लहानपणापासून दमा. काही दमेकऱ्यांना या गोळ्यांनी धाप लागते, हे मला दवाखान्यात कळलं. घरी आल्या आल्या फोन लावला. ती म्हणाली, "बरं झालं बाबा तू फोन केलास. त्या गोळ्या संपल्या. येताना दोन पाकिटं घेऊन ये की."