मणिबेलीचे पाणी आणि चार्ली पॅटनचे गाणे

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, अगदी टोकाला, गुजरातच्या सीमेलगत मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या भिंतीमागे महाराष्ट्रातले हे पहिले गाव. तेथे गेल्यावर आधी डोळ्यांत भरते ते पाणी. कधीकाळची वाहती नर्मदा आता तुंबून उभी आहे. डोंगरउतारावर विखुरलेली घरे, आणि पाण्याखाली काठची काळी शेते व शूलपाणेश्वराचे जुने देऊळ. देऊळ सरकारने गुजरातेत गोरा येथे नवे बांधून दिले. शेते कोण बांधून देणार?

१९९३ च्या पावसाळ्यात येथली पहिली घरे बुडाली. आदिवासी बांधव "आम्ही हटणार नाही" म्हणून बसले होते, पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढले. १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, असा जाहीरनामा निघाला. त्यावर ४४ देशांतील ३२६ संघटनांच्या सह्या होत्या आणि त्याला नाव दिले गेले मणिबेलीचे.

नावेत एक आजी भेटली. "आजी, तुमचे शेत कुठे होते?" असे विचारले. तिने पाण्यावर बोट फिरवत एकेका शेताचे नाव सांगितले आणि मग हळूच काही गुणगुणू लागली. तिच्या भिलोरी बोलीतले मला निम्मेच कळले. पण ते पाण्याचेच गाणे होते.

तिथेच मला चार्ली पॅटन आठवला. आपल्या घरांत हे नाव फारसे कोणी ऐकलेले नसेल. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात डॉकरी नावाच्या गोऱ्या मालकाचा कापसाचा मोठा मळा होता, तिथल्या काळ्या मजुरांत हा वाढला. हातात गिटार, आवाज खरखरीत. गिटार डोक्यामागे धरून, गुडघ्यांत धरून वाजवायचा. लोक हसायचे, नाचायचे. साधुसंत मुळीच नव्हता. दारू होती, भांडणे होती.

१९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीचा बांध फुटला. ग्रीनव्हिल गावात गोऱ्यांना बोटींतून हलवले. काळ्या मजुरांना मात्र बांधावरच्या छावण्यांत अडकवून बंदुकीच्या धाकाखाली राबवून घेतले, कारण ते निघून गेले तर कापूस वेचणार कोण? या पुरावर पॅटनने दोन भागांचे गाणे रचले आणि १९२९ साली ते तबकडीवर उतरले. पूर हटला, पण गाणे राहिले. पॅटन १९३४ साली हृदयविकाराने वारला.

त्याचे ऐकून हाउलिन वुल्फ गिटार शिकला आणि तो बाज शिकागोला घेऊन गेला. त्याच डॉकरीच्या मळ्यावर पॉप्स स्टेपल्स नावाचा मुलगा पॅटनला ऐकत मोठा झाला. पुढे त्याचे सारे कुटुंब मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीत गायले. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले तेही तिकडूनच.

आपल्याकडे वामनदादा कर्डक असेच गावोगाव फिरले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि २००४ साली जाईपर्यंत भीमगीते लिहीत, गात राहिला. फरक एवढाच की पॅटनला बाबासाहेब मिळाले नाहीत. त्याच्या गाण्यात दुःख आहे, चीड आहे, पण पुढे कुठे जायचे ते नाही. वामनदादांना ते ठाऊक होते.

मणिबेलीला आंदोलनाची जीवनशाळा आहे, तिथली मुले नारे देतात, गाणीही म्हणतात. ती चळवळीची गाणी कुठे ना कुठे छापली जातील. आजीचे गाणे कोण उतरवणार? १९९३ साली जे तरणेताठे होते ते आज म्हातारे झाले आहेत आणि बुडालेल्या शेतांची नावे त्यांनाच पाठ आहेत. आमच्या गायन पार्टीतली मुले भीमजयंतीला मोबाईलवर तासन्‌तास रेकॉर्डिंग करतात. त्यांतल्या दोघांना मी विचारले आहे, येत्या होळीला मणिबेलीला येता का. एक हो म्हणाला. दुसरा म्हणाला, भाषा कळत नाही हो काका. मी म्हटले, मलाही कळत नाही. उतरवून आणू आणि अर्थ तिथल्याच पोरांना विचारू.