ताम्हिणी, दिवेआगर आणि एक मुकी गाडी

पावसाळी वीकेण्ड, चार दोस्त, सहा महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी आणि तिच्यात आठ स्पीकर. तयारी एकदम झकास! फक्त आदल्या रात्री गाडीने स्वतःला 'अपडेट' करून घेतलं...

पुण्यात राहणाऱ्या कुणालाही पावसाळ्यात ताम्हिणीचा रस्ता सांगावा लागत नाही. चांदणी चौक ओलांडायचा, भूगाव-पिरंगुटच्या गर्दीतून एकदाचं सुटायचं आणि पौड मागे टाकायचं. मग मुळशीचं पाणी दिसायला लागतं, काचा आपोआप खाली येतात आणि ग्रुपमधला एक जण गाणी लावायचा ताबा घेतो. ताम्हिणीचं प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं. घाटात पहिला धबधबा आला की ते वाजलंच पाहिजे, हा अलिखित नियम!

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी आमचं गाणं वाजलंच नाही. गाडी माझ्या मित्राची. शुक्रवारी रात्री कोथरूडच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या तिने घरच्या वाय-फायवरून नवं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. सकाळी स्क्रीनवर 'अपडेट यशस्वी' अशी पाटी आणि खाली सुधारणांची यादी. त्यातला एक मुद्दा होता, 'अधिक चांगला ऑडिओ अनुभव'. आम्ही खूश!

पण फोन जोडला तर गाणं स्क्रीनवर पळतंय, सेकंद पुढे सरकताहेत, आवाज मात्र शून्य. रेडिओ लावला, तोच प्रकार. पेन ड्राइव्ह घातला, तरी ढिम्म. व्हॉल्यूम पार टोकाला नेऊन झाला. बटण दाबून धरून सिस्टिम रीस्टार्ट केली. लोगो दिमाखात आला, पण त्याच्यासोबत दर वेळी वाजणारी धूनसुद्धा गायब. पिरंगुटपर्यंत आमच्यातल्या दोन इंजिनीअरांनी पाच वेगवेगळी निदानं केली. तिसरीने सरळ खिडकी उघडली आणि स्वतःच गायला लागली. (तो अनुभव वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

टिकटिक कुठे गेली?

खरी गंमत पौडच्या पुढे लक्षात आली. एका टेम्पोला ओव्हरटेक करताना मित्राने इंडिकेटर दिला. बाण लुकलुकला, पण टिकटिक नाही. त्याने दोनदा दांडी खालीवर करून पाहिली. तरी नाही.

आता यात टेन्शन घेण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. माझ्या बाबांच्या मारुती ८०० मध्ये ती टिकटिक एका छोट्या रिलेची असायची. डॅशबोर्डखाली खरोखरची वस्तू चालू-बंद व्हायची, तिचाच तो आवाज. आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंडिकेटर कॉम्प्युटर चालवतो. तिथे टकटक करायला काही उरलेलंच नाही. पण आपल्या कानांना सवय आहे म्हणून कंपन्या टिकटिकीचा आवाज तयार करतात आणि वाजवतात. अनेक मॉडेल्समध्ये तो थेट म्युझिकच्याच स्पीकरमधून येतो. रिव्हर्स घेताना होणारं 'पीं पीं'सुद्धा कित्येकदा तिथूनच.

म्हणजे आमची फक्त गाणी गेली नव्हती, गाडीची वाचाच बसली होती. सीटबेल्ट काढून पाहिला तेव्हा कुठे मीटरच्या मागून बारीक 'टिंग टिंग' आलं. त्या बिचाऱ्या बझरची चूल वेगळी, म्हणून तो वाचला.

हे आवाज हौसेखातर नसतात. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कार्समध्ये सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलात की गाडी अधूनमधून टोकते आणि १२०च्या वर गेलात की गप्पच बसत नाही, ते या नियमामुळेच.

माणगावचा डॉक्टर

ताम्हिणी उतरून विळे, निजामपूर करत आपण माणगावला मुंबई-गोवा हायवेला लागतो. माणगावचं ट्रॅफिक म्हणजे कोकणात शिरण्याचा टोलच! त्या कोंडीत रांगत असतानाच हायवेलगत एका ऑटो इलेक्ट्रिशियनची टपरी दिसली. बाहेर बॅटऱ्यांची रांग, आत वायरींची जाळी आणि स्टुलावर पन्नाशीचे एक काका.

"नवीन गाडी? वॉरंटीत असेल," काका लांबूनच म्हणाले. "फ्यूज बघतो. बाकी कशाला हात लावणार नाही."

फ्यूज धडधाकट होता. मग मित्राच्या परवानगीने त्यांनी मागच्या दाराचं पॅड अलगद सोडवलं, स्पीकरचा कपलर काढला आणि खिशातून साधा पेन्सिल सेल काढला. दोन वायरी सेलला जोडल्या आणि त्यांची टोकं स्पीकरला टेकवली. खर्रर्र... टक! दोन तासांत त्या गाडीने काढलेला पहिला आवाज. आम्ही चौघांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"स्पीकर जिवंत आहे," काका म्हणाले. "वरून ऑर्डर येत नाही."

दीड व्होल्टच्या सेलवर केलेलं हे निदान शंभर टक्के बरोबर होतं, ते पुढे कळलंच. पैसे विचारले तर म्हणाले, "काम कुठे केलं ताई? चहाचे द्या." मग त्यांनी टपरीतली एक फळी दाखवली. जुने कारटेप ओळीने मांडलेले, काहींचे पुढचे मुखवटे निघणारे. एके काळी गणपतीच्या आधी मुंबईकर चाकरमान्यांचे टेप दुरुस्त करायला इथे रांग लागायची, म्हणे. टेप बिघडला की बाहेर ओढायचा, दुसरा आत ढकलायचा, चार वायरी जुळवायच्या. वीस मिनिटांत गाडी गावाकडे रवाना!

हे जमायचं, कारण टेपचा खण ठरलेल्या मापाचा असायचा. उंची ५० मिलिमीटर, रुंदी १८० मिलिमीटर. जर्मनीचं हे माप पुढे आंतरराष्ट्रीय झालं आणि जगातल्या कुठल्याही कंपनीचा टेप जगातल्या बहुतेक गाड्यांत बसायला लागला. मोटोरोलाचा कारमध्ये बसवायचा रेडिओ १९३०मध्ये बाजारात आला, तेव्हापासून कित्येक दशकं रेडिओ म्हणजे गाडीत आलेला पाहुणा. न आवडल्यास बदलता येणारा. आता तो पाहुणा घरजावई झालाय. एसी, कॅमेरा, नकाशा, सेन्सर, सगळ्यांशी त्याची सोयरीक. त्याला एकट्याला बाहेर काढायचं म्हणजे घर मोडायचं.

"आता लोक फोन दाखवतात आणि विचारतात, काका, हे काय लिहून आलंय?" ते म्हणाले. "मी काय सांगणार? माझ्याकडे पाना आहे, पासवर्ड नाही."

दोन घंटी, एक घंटी

माणगावहून म्हसळामार्गे दिवेआगर. वाटेत भातखाचरं, लाल पाणी वाहणारे ओढे आणि मध्येच भसकन येणारी सर. दिवेआगर तुम्हाला सुवर्णगणेशासाठी माहीत असेल. १९९७मध्ये इथल्या एका वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२मध्ये तो चोरीला गेला आणि २०२१मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. त्याआधी ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या होत्या. आता नवी झाडं उभी राहताहेत, पण वाड्यांमधून मध्येच मोकळं आभाळ दिसतं, तेव्हा पडलेल्या झाडांचा हिशेब आपोआप लागतो.

गावातले रस्ते अरुंद. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मधून एकच गाडी जाईल इतकी जागा. आम्ही मुक्कामाच्या वाडीकडे वळलो आणि समोरून एसटी! संध्याकाळची वेळ, पाऊस धो धो. मागे जाण्याशिवाय इलाजच नव्हता, आणि मागे निदान शंभर फूट तरी जायचं होतं.

मित्राने रिव्हर्स टाकला. मागच्या कॅमेऱ्याच्या काचेवर दिवसभराचा चिखल. स्क्रीनवर रंगीत पट्ट्या उमटत होत्या, म्हणजे सेन्सर बघत होते, फक्त बोलत नव्हते. एरवी नजर आरशात ठेवून कानाने अंतर मोजायची सवय. आता आरसा पाहायचा की स्क्रीन? मी मान वळवून मागे बघत होते, पण वाफ धरलेल्या काचेतून दिसणार काय, कप्पाळ!

तेवढ्यात एसटीचा कंडक्टर डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून खाली उतरला आणि आमच्या मागे जाऊन उभा राहिला. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे काटा..." आणि डिकीवर दोन थापा. म्हणजे चला. आम्ही इंच इंच मागे सरकत होतो. मग एकदम एकच थाप. जोरात. "बास!"

मित्राने ब्रेक दाबला. मागे वाडीच्या आगरातून एक आजोबा झावळ्यांचा भारा सायकलला बांधून रस्त्यावर येत होते. बंपर आणि सायकल यांच्यात हातभर अंतर असेल. आजोबा शांतपणे पुढे निघून गेले. आम्ही चौघं मात्र पुढची पाच मिनिटं कुणाशी काही बोललो नाही.

रात्री गरमागरम उकडीचे मोदक खाताना माझ्या डोक्यात ती थापच वाजत होती. एसटीत घंटीचा हिशेब अगदी साधा असतो. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दोरी ओढायची, टण्ण वाजतं. ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही, वाचावं लागत नाही. कंडक्टरने आमच्या डिकीवर तीच भाषा वापरली. आमच्या गाडीलाही ती येत होती. आदल्या रात्रीपर्यंत!

गाडी स्वतःलाच विसरली

रविवारी दिवेआगरहून श्रीवर्धनला आरावीमार्गे गेलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. हा रस्ता मात्र कुणीही चुकवू नका. पावसाळ्यात पाण्यात उतरायचा मोह टाळा, रस्त्यावरून बघा. तेवढं पुरतं.

सोमवारी मित्र सर्व्हिस सेंटरला गेला. पहिलं उत्तर ठरलेलं, "फोनचा प्रॉब्लेम असेल." दुसरं, "पुढच्या अपडेटमध्ये येईल." माणगावच्या काकांचं निदान त्याने तिथे तीनदा ऐकवलं. शेवटी नवव्या दिवशी लॅपटॉप जोडला गेला आणि खुलासा झाला. या मॉडेलच्या वरच्या व्हर्जनमध्ये वेगळा अॅम्प्लिफायर असतो, खालच्यात नसतो. अपडेटच्या गडबडीत ती नोंद पुसली गेली आणि गाडी स्वतःला खालचं व्हर्जन समजायला लागली. अॅम्प्लिफायरला कुणी उठवलंच नाही. नोंद परत लिहायला लागली अकरा मिनिटं. बिल शून्य. नऊ दिवस गाडी मुकी होती, त्याचा हिशेब जॉब कार्डवर कुठेच नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं, असं समजू नका. जानेवारी २०२२मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल परिसरात २०१४ ते २०१७च्या माझदा गाड्यांचे रेडिओ एकाच स्टेशनवर अडकून बसले. स्टेशनने गाण्यासोबत पाठवलेल्या चित्रांच्या फाइल्सच्या नावात शेवटची खूण नव्हती. तेवढ्यावरून सिस्टिम गोंधळली आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेस्लाने अमेरिकेत ८ लाख १७ हजार गाड्या रिकॉल केल्या, कारण सीटबेल्टचा इशारा काही वेळा वाजतच नव्हता. दोष सॉफ्टवेअरचा आणि उपायही सॉफ्टवेअरचाच.

म्हणून अपडेट वाईट, असं मी अजिबात म्हणणार नाही. घरबसल्या गाडीतला दोष दूर होतो, ही सोय मोठीच. पण गाणं आणि धोक्याची सूचना एकाच तोंडातून येणार असेल, तर ते तोंड बंद पडल्यावर 'म्युझिक सिस्टिमची किरकोळ तक्रार' म्हणून नऊ दिवस थांबवणं चालणार नाही. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर जी धावपळ होते, तीच इथेही व्हायला हवी. आणि अपडेट नडलं तर मागच्या व्हर्जनवर परतायची वाट गाडीच्या मालकालाही खुली हवी. फोन बिघडला तर आपण चिडतो. गाडी बिघडली तर मागून एखादे आजोबा सायकल घेऊन येत असतात.

निघण्यापूर्वी एवढं करा

- ट्रिपच्या आदल्या रात्री अपडेट नको. आठवड्याच्या सुरुवातीला करा, म्हणजे शहरातच दोन दिवस ट्रायल होते.
- अपडेटपूर्वी व्हर्जन नंबर, साउंड सेटिंग आणि सुधारणांच्या यादीचा फोटो काढून ठेवा.
- अपडेटनंतर पार्किंगमध्येच पाच आवाज तपासा : इंडिकेटर, रिव्हर्स, सीटबेल्ट, रेडिओ आणि फोन कॉल.
- फक्त फोनची गाणी बंद असतील, तर फोनमधून आणि गाडीतून दोन्हीकडची जोडणी पुसून नव्याने जोडा. रेडिओही गप्प असेल, तर दोष फोनचा नाही.
- एकाच बाजूने आवाज येत असेल, तर आधी बॅलन्स आणि फेडर बघा. अपडेटमध्ये ते बदललेले असू शकतात.
- गाडी लॉक करून अर्धा तास सोडा. आतले कॉम्प्युटर झोपून उठले की काही तक्रारी आपोआप मिटतात. बॅटरीची वायर मात्र मॅन्युअल न वाचता काढू नका.
- तक्रार लेखी द्या आणि त्यात 'गाणी वाजत नाहीत' असं नाही, 'रिव्हर्सचा इशारा वाजत नाही' असं लिहा.
- आणि गाडी मुकी असताना रिव्हर्स घ्यायची वेळ आली, तर एकाला खाली उतरवा. पाऊस असला तरी. दोन थापा म्हणजे चला, एक थाप म्हणजे थांबा!