टाकी भरली की वाजणारा डबा

सर्जापूर रोडवरच्या घरांमधलं एखादं कपाट आवरायला काढलं की त्यात बरेचदा एक खोकं सापडतं. आत पत्त्याच्या पानाएवढा निळा बोर्ड, रंगीबेरंगी वायरींचं भेंडोळं, पुडीत बांधलेले चिमुकले दिवे आणि नावंही ठाऊक नसलेले पंचवीस-तीस सुटे भाग. वाढदिवसाला हौसेनं आणलेलं, मुलानं दोन रविवार हाताळलेलं आणि मग विसरलेलं. विप्रोचं मुख्य कार्यालय ज्या रस्त्यावर आहे, जिथे शेजारीपाजारी सगळेच संगणकाच्या धंद्यातले, तिथली ही गोष्ट. आईवडिलांना हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येतो, पण मुलाजवळ बसून एक दिवा लावायला वेळ कुणाला आहे?

अशाच एका मराठी घरातलं खोकं २०२४च्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर निघालं. ज्याच्यासाठी ते आणलं होतं, त्या दादाला एव्हाना क्रिकेटनं ओढून नेलं होतं. खोकं काढलं त्याच्या सहावीतल्या बहिणीनं आणि निपाणीहून राहायला आलेल्या तिच्या आजीनं. आजी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या.

त्यामागे एक कारण होतं आणि ते थोडं बोचरं होतं.

त्या वर्षी बेंगळुरूत पाण्याची दैना झाली होती. बोअरवेल आटल्या होत्या. गाड्या धुवायला, बागेला पिण्याचं पाणी वापरलं तर पाच हजार रुपये दंड, असा हुकूम मार्चमध्ये निघाला. टँकरवाल्यांनी भाव वाढवले, तेव्हा सरकारला दर ठरवून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आतल्या बारा हजार लिटरच्या टँकरला एक हजार रुपये, असा तो दर होता. महानगराच्या हद्दीत नंतर आलेल्या एकशेदहा गावांना कावेरीचं पाणी देणारी पाचव्या टप्प्याची योजना सुरू झाली ती ऑक्टोबर २०२४मध्ये. तोवर या भागातल्या कित्येक घरांची सारी भिस्त टँकरवरच होती.

टँकरचं पाणी खालच्या हौदात उतरतं आणि मोटार लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. मोटार लावण्याचं काम आजींकडे होतं. दोनदा त्या बंद करायला विसरल्या. दुसऱ्या वेळी टाकी पाऊण तास वाहत होती आणि विकतचं पाणी रस्त्यावरून चाललेलं सगळ्या गल्लीनं पाहिलं. संध्याकाळी मुलगा एवढंच म्हणाला, ''आई, तू आता मोटारीला हात लावत जाऊ नकोस.'' सूनबाईंनी विषय बदलला. पण पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला ते वाक्य कुठे लागलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, ''आजी, टाकी भरली की ओरडेल असं काही आपण करू या का?''

आता कुणी म्हणेल, बाजारात टाकीचे तयार अलार्म मिळतात की! मिळतात, आणि स्वस्तही असतात. ज्याला फक्त अलार्म हवा आहे त्यानं तो खुशाल विकत घ्यावा. इथे मामला निराळा होता.

टायपिस्टांच्या गावातून आलेला बोर्ड

या निळ्या बोर्डावरची काळी चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर. एका चिपवर मावलेला छोटासा संगणकच म्हणा ना. धुलाई यंत्र, टीव्हीचा रिमोट, लिफ्ट, सगळीकडे तो असतो आणि तिथे एकच नेमून दिलेलं काम जन्मभर करतो. इंटेलनं १९८०मध्ये काढलेल्या ८०५१ या चिपवर आपल्याकडच्या अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या. पण ती विद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली. घरातल्या मुलाच्या आवाक्यात ती आली इटलीतल्या इव्हरेया गावामुळे. ऑलिव्हेटी टाइपरायटर ज्यांना आठवतो, त्यांना हे गाव परकं वाटायला नको. ती कंपनी तिथलीच. तिथल्या डिझाइनच्या संस्थेत मासिमो बान्झी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नाही अशा विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त बोर्ड तयार केला. नाव दिलं आर्डुइनो. ही मंडळी जिथे संध्याकाळी जमत त्या बारचं ते नाव, आणि बारला ते मिळालं हजार वर्षांपूर्वीच्या एका राजावरून.

बोर्डाचा आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे त्याच्यासारखे बोर्ड कुणीही बनवू शकतो आणि काहीशे रुपयांत ते मिळतात. मूळ बोर्डाची किंमत त्याच्या कितीतरी पट. शिकायला स्वस्तातला चांगला. जळला तरी जीव हळहळत नाही.

'उनो' नावाच्या नेहमीच्या बोर्डावरच्या चिपची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावणार नाही. पण एक दिवा लावायला, एक भोंगा वाजवायला ती पुरून उरते.

पहिला दिवा

पहिल्या दिवशी दोघींनी काहीच जोडलं नाही. बोर्डावर आधीच बसवलेला एक बारका दिवा असतो, तो मिचकवायचा एवढंच ठरवलं. संगणकावर आर्डुइनोचं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं, तयार उदाहरणांतला 'ब्लिंक' हा प्रोग्रॅम उघडला आणि बोर्ड जोडला. संगणकाला बोर्ड दिसेचना. सकाळ गेली, दुपार गेली. नातीचा चेहरा रडवेला झाला.

दोष निघाला वायरीत. घरात पडलेल्या युएसबी वायरींपैकी काही फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून वीज जाते पण माहिती जात नाही. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. वायर बदलली तर नवीच अडचण. स्वस्त बोर्डांवर बहुधा 'सीएच ३४०' नावाची चिप असते आणि काही संगणकांना तिचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. तोही दिला. मग सॉफ्टवेअरच्या यादीतून बोर्डाचं नाव आणि पोर्ट निवडलं. पहिल्या दोन रविवारांत खोकं कपाटात जातं ते बहुतेक याच पायरीवरून. मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. घोळ असतो वायरीचा.

दिवा मिचकला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

त्या प्रोग्रॅमचे दोन भाग असतात, 'सेटअप' आणि 'लूप'. नातीला फरक कळेना. आजी म्हणाल्या, ''अगं, कणीक एकदाच मळायची, तो तुझा सेटअप. पोळ्या मात्र लाटायच्या, भाजायच्या, पुन्हा लाटायच्या. तो लूप. फरक इतकाच की आपण पोळ्या संपल्यावर गॅस बंद करतो. हा गृहस्थ वीज असेपर्यंत लाटतच बसतो.'' एक हजार या आकड्याच्या जागी दोनशे लिहिले की दिवा भराभर मिचकतो, हे नातीनं स्वतःच शोधलं. तो आकडा मिलिसेकंदांचा असतो.

दुसऱ्या दिवशी ब्रेडबोर्ड बाहेर आला. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, भोकाभोकांचा. त्यात डाग न देता, म्हणजे सोल्डरिंग न करता, भाग नुसते खोचता येतात. मधल्या पट्ट्यांत पाच-पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात. हे ठाऊक नसलं की माणूस एका दिव्याचे दोन्ही पाय एकाच पट्टीत खोचतो आणि का लागत नाही म्हणून डोकं धरून बसतो. एलईडीचा लांब पाय धन बाजूला, आखूड पाय ऋण बाजूला. मधे एक रेझिस्टर हवाच. पाच व्होल्टपैकी तांबडा दिवा दोनेक व्होल्ट घेतो, उरलेले तीन व्होल्ट २२० ओहमवर पडतात आणि सुमारे १४ मिलिअँपिअर प्रवाह जातो. बोर्डाच्या एका पिनेतून वीसच्या वर मागू नये. हा भागाकार आजींनी वहीत करून घेतला आणि त्याशिवाय वायरीला हात लावू दिला नाही. शाळामास्तरीण ती शाळामास्तरीणच!

एस. पी. रोडवरची फेरी

पाण्याची पातळी मोजायला खोक्यात एक सेन्सर होता, दोन डोळ्यांचा. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते सांगतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. जाऊन यायचं म्हणून निम्मं करायचं. हिशेबाला सोपं म्हणजे दर सेंटिमीटरला ५८ मायक्रोसेकंद. बादलीवर धरून पाहिला, फूटपट्टीनं पडताळला, एखाद्या सेंटिमीटरचा फरक. दोघी खूश!

टाकीच्या झाकणाखाली मात्र तो आठवडाभरही टिकला नाही. आतल्या वाफेनं त्याचे उघडे डोळे ओले झाले आणि तो वाटेल ते आकडे सांगू लागला. मग पाण्यात न बिघडणारा सेन्सर आणायला दोघी एस. पी. रोडला गेल्या. सदर पत्रप्पा रोड हे त्याचं पूर्ण नाव. पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्यांनी पाहिलाय, त्यांना इथे घरच्यासारखं वाटेल. हातभर रुंदीची दुकानं आणि छतापर्यंत डबे. आजी निपाणीच्या असल्यामुळे कानडी अस्खलित. त्यांनी कानडीत विचारलं आणि राजस्थानी दुकानदारानं हिंदीत उत्तर दिलं. मागितला एक सेन्सर. घेतला सेन्सर, एक भोंगा, 'बीसी ५४७' जातीचे दहा ट्रान्झिस्टर आणि दुकानदाराचा एक सल्ला. भोंगा थेट पिनेला जोडू नका, मधे ट्रान्झिस्टर घाला.

खरी गंमत पुढे झाली. नवा सेन्सर बसवला, मोटार लावली, पाणी चढू लागलं. भोंगा वाजायला लागला आणि नेमकी टाकी काठोकाठ येताना गप्प झाला! नातीनं सगळा प्रोग्रॅम तपासला. चूक प्रोग्रॅमची नव्हतीच. या जातीच्या सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. चष्मेवाल्या माणसाला वर्तमानपत्र नाकाशी धरून वाचता येत नाही, तसं. भरलेल्या टाकीचं पाणी झाकणापासून जेमतेम अठरा सेंटिमीटरवर येत होतं. म्हणून इशारा पस्तीस सेंटिमीटरवरच द्यायचा आणि एकदा वाजू लागलेला भोंगा बटण दाबेपर्यंत थांबवायचा नाही, असं दोघींनी ठरवलं. धारेनं पाणी हिंदकळतं आणि आकडे नाचतात, त्यावर उपाय नातीचा. पाच वेळा मोजायचं, आकडे चढत्या क्रमानं लावायचे आणि मधला घ्यायचा. बाकीचे चार सोडून द्यायचे.

बोर्ड एका जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून जिन्याच्या खोलीत ठेवला. त्याला वीज मिळते मोबाइलच्या चार्जरमधून. तिथून स्वयंपाकघरापर्यंत आली फक्त भोंग्याची आणि बटणाची वायर. मोटार आपोआप बंद व्हावी असं दादाचं म्हणणं होतं. तेवढ्यापुरता त्याला एकदम रस आला होता. आजींनी साफ नकार दिला. मोटारीची वीज २३० व्होल्टची. तिथे ओल्या गच्चीवर पोरासोरांचं काम नाही, ते वायरमनचं. नवशिक्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. बोर्डाचे पाच व्होल्ट झटका देत नाहीत, घराच्या प्लगमधले २३० जीव घेतात.

मे महिन्याच्या मध्यावर मोटारीचं बटण पुन्हा आजींकडे आलं. घरात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मुलानं फक्त एकदा वर जाऊन डबा उघडून पाहिला आणि खाली येऊन विचारलं, ''हे मधला आकडा घ्यायचं डोकं कुणाचं?''

आपल्या घरात असं खोकं पडून असेल तर ते मुलाच्या हातात देऊन निघून जाऊ नका. पहिला दिवा लागेपर्यंत जवळ बसा. खोकं नसेल तर आधी विकत घेण्याची घाई नको. टिंकरकॅड या मोफत संकेतस्थळावर बोर्ड, वायरी, दिवे सगळं संगणकाच्या पडद्यावरच जोडून पाहता येतं आणि तिथे काही जळत नाही. अगदी लहानांसाठी बीबीसीचा मायक्रोबिट बरा. त्यावर पंचवीस दिवे आणि दोन बटणं आधीच बसवलेली असतात. शाळेतही चौकशी करा. सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उघडल्या आहेत. काही ठिकाणी मुलांची तिथे झुंबड असते. काही ठिकाणी कुलूप असतं. पालकांनी विचारलं तर कुलूप निघतं. मोठी फी घेणाऱ्या शिकवण्यांची मात्र पहिल्या वर्षी काहीच गरज नाही.

सप्टेंबरमध्ये एकदा भोंगा मुका झाला. नात शाळेत होती. आजींनी डबा उघडला, तर आत मुंग्यांनी घर केलेलं आणि एक वायर निसटलेली. त्यांनी ब्रशनं बोर्ड झाडला, वायर खोचली आणि डब्याभोवती लक्ष्मणरेषेचा खडू ओढला. दिवाळीच्या सुट्टीत तुळशीच्या कुंडीतला ओलावा मोजायचा बेत ठरला आहे. खोक्यातला ओलाव्याचा सेन्सर दोन उघड्या पट्ट्यांचा असतो. तो मातीत काही आठवड्यांत गंजतो, म्हणून या खेपेला दुकानदाराकडून बंद पट्टीचा, कपॅसिटिव्ह जातीचा मागवून ठेवला आहे.